गुडघे कोणाचे, गल्ला कोणाचा

एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या नोंदींत मार्कस लॅटिमोर या नावापुढे एकही सामना नाही. एक यार्ड नाही, एक टचडाउन नाही. व्यावसायिक फुटबॉलच्या लेखी हा मुलगा कधी मैदानात उतरलाच नाही. पण साउथ कॅरोलायना राज्यातल्या कोणाही फुटबॉलवेड्याला विचारा, विद्यापीठाच्या संघाकडून खेळलेला सर्वांत थोर रनिंग बॅक कोण? उत्तरात दोन नावं येतील. एक जॉर्ज रॉजर्स, कॉलेज फुटबॉलची सर्वोच्च मानाची हाइझमन ट्रॉफी १९८०मध्ये जिंकलेला, आणि दुसरा लॅटिमोर. २०१० ते २०१२ या तीन हंगामांत तो ५५५ वेळा चेंडू घेऊन धावला, २,६७७ यार्ड गेला आणि धावून ३८ टचडाउन केले. तो विद्यापीठातून बाहेर पडला तेव्हा टचडाउनचा हा आकडा तिथला विक्रम होता. त्या तीनपैकी दोन हंगाम त्याला पुरे करता आले नाहीत, हे लक्षात घेऊन हे आकडे पुन्हा वाचा.

तो जेवढं खेळला तेवढं सगळं बिनपगारी खेळला. माझं भांडण एवढ्याशीच आहे, आणि ते इतकं साधं आहे की त्यावर दशकानुदशकं कोर्टबाजी का चालावी, हेच मला कळत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. क्वार्टरबॅक चेंडू हातात देतो आणि रनिंग बॅक तो पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसतो. गर्दी म्हणजे एकेक सव्वाशे-दीडशे किलोची माणसं. त्यांच्या मधली फट क्षणभर उघडते आणि मिटते. ती दिसली तर चार यार्ड मिळतात, नाही दिसली तर छातीवर आदळून तो तिथेच आडवा होतो. बहुतेक प्रत्येक धाव जमिनीवर आपटूनच संपते. दोन यार्ड गेला तरी आपटणार, पन्नास गेला तरी शेवटी कोणीतरी पाय धरून पाडणारच. चेंडू दुसऱ्याकडे असेल तेव्हा त्याच्यासाठी अंगावर घेऊन वाट अडवायचं कामही याचंच. म्हणून जाणकार रनिंग बॅकचं वय वर्षांत मोजत नाहीत. आजवर किती वेळा चेंडू घेऊन धावला ते विचारतात. शरीरात अशा धावा मोजक्याच असतात. त्या कोणासाठी खर्च झाल्या, हा खरा प्रश्न.

लॅटिमोर डंकन नावाच्या गावातल्या बर्न्स हायस्कूलचा. २००९मध्ये राज्याचा सर्वोत्तम शालेय फुटबॉलपटू ठरलेला. देशभरातली विद्यापीठं मागे लागली होती. शेवटी निवड ऑबर्न आणि साउथ कॅरोलायना यांत होती. त्याने घरचं विद्यापीठ निवडलं. या विद्यापीठाची फुटबॉलमधली ओळख तोवर काय होती? मैदान गच्च भरायचं, गळा फुटेस्तोवर ओरडायचं आणि हरून घरी जायचं. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या बलाढ्य गटात त्यांनी आपल्या विभागाचं विजेतेपद एकदाही मिळवलं नव्हतं.

तो आला आणि पहिल्याच हंगामात ते मिळालं. ९ ऑक्टोबर २०१० रोजी कोलंबियाच्या विल्यम्स-ब्राइस स्टेडियमवर अलाबामा आलं. आदल्या वर्षीचे राष्ट्रीय विजेते आणि क्रमवारीत पहिले. साउथ कॅरोलायनाने ३५-२१ असं हरवलं, त्यात तीन टचडाउन लॅटिमोरचे. त्याआधी पहिल्या क्रमांकाच्या संघाला त्यांनी कधीही हरवलेलं नव्हतं. मग १३ नोव्हेंबरला गेन्सव्हिल. फ्लोरिडाचं मैदान, जिथे साउथ कॅरोलायना कधीच जिंकलं नव्हतं. साउथ कॅरोलायनाचे प्रशिक्षक स्टीव्ह स्परियर पूर्वी याच फ्लोरिडाचे. १९६६मध्ये तिथे खेळताना त्यांना हाइझमन मिळाला आणि १९९६चं राष्ट्रीय विजेतेपदही त्यांनी तिथेच प्रशिक्षक म्हणून मिळवून दिलं. आपल्या जुन्या घरी जाऊन जिंकायचं होतं, आणि स्परियरांनी त्या संध्याकाळी एकच गोष्ट केली. चेंडू लॅटिमोरला दिला. पुन्हा दिला. चाळीस वेळा दिला. २१२ यार्ड, तीन टचडाउन, ३६-१४ असा विजय आणि विभागाचं पहिलं विजेतेपद.

चाळीस वेळा. मुलगा एकोणीस वर्षं पुरी करून पंधरा दिवस झाले होते.

तो सामना मला फार आवडतो आणि त्याचा रागही येतो. आवडतो, कारण थकलेल्या पायांनी शेवटच्या सत्रातही तो मुलगा पहिल्या टॅकलला पडत नव्हता. तो भन्नाट वेगवान नव्हता. संयमी होता. आपल्या माणसांनी वाट करेपर्यंत थांबायचा, मग खांदा खाली घालून घुसायचा आणि पडताना पुढेच पडायचा. असा रनिंग बॅक प्रशिक्षकाला देवासारखा वाटतो, कारण त्याच्यामुळे घड्याळ चालू राहतं आणि सामना हातात राहतो. राग येतो तोही याचसाठी. असा खेळाडू मिळाला की प्रशिक्षकाला हात आवरत नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये नेव्हीविरुद्ध त्याला ३७ वेळा धाववलं. २४६ यार्ड, त्याच्या कारकिर्दीतले सर्वाधिक. संघ तीन गुणांनी जिंकला. २०११मध्ये सात सामन्यांत १६३ धावा, म्हणजे सामन्यामागे तेवीसच्या वर. स्परियरांवर मी दात खात नाही. सामना जिंकणं हे त्यांचं काम होतं आणि त्याचा त्यांना पगार मिळत होता, वर्षाला वीस लाख डॉलरांहून जास्त. दोष त्या व्यवस्थेचा, जिथे पगार चेंडू देणाऱ्याला मिळतो आणि चेंडू घेऊन घुसणाऱ्याला पगार देणं हा नियमभंग ठरतो.

१५ ऑक्टोबर २०११, मिसिसिपी स्टेटविरुद्ध. चेंडू हातात नव्हता, सहकाऱ्यासाठी अडवायला गेला होता. डावा गुडघा गेला. हंगाम संपला. महिनोन्महिने व्यायामशाळेत घाम गाळून तो २०१२च्या पहिल्या सामन्याला पुन्हा उभा राहिला.

२७ ऑक्टोबर २०१२, घरचंच मैदान, समोर टेनेसी. दुसऱ्या सत्रात एक टॅकल थेट उजव्या गुडघ्यावर बसला. सांधा निखळला, गुडघ्याच्या चार मुख्य लिगामेंटपैकी तीन तुटली. दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांनी तोंड फिरवलं. मग दोन्ही संघांचे खेळाडू मैदानात आले आणि त्याच्याभोवती उभे राहिले. टेनेसीचेही. इतक्या मोठ्या मैदानात तेव्हा आवाज नव्हता असं तिथले लोक सांगतात. दोन दिवसांनी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. साउथ कॅरोलायनाने तो सामना ३८-३५ असा जिंकला.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेत ज्यांचं नाव अमेरिकेत प्रत्येक खेळाडूला ठाऊक, त्या डॉ. जेम्स अँड्र्यूजनी त्याचा गुडघा पुन्हा जोडला. त्याच्या भविष्याबद्दल प्रेमाने बोलणारे खूप होते. प्रेम खरंच होतं, मी त्यावर शंका घेत नाही. पण प्रेमाने कोणाचं घरभाडं भरलं जात नाही.

आता तारखा नीट बघा, कारण सगळी गोम तारखांत आहे. एनएफएलचा नियम असा, की हायस्कूल संपून तीन वर्षं होईपर्यंत खेळाडूला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, उतरता येत नाही. लॅटिमोरची शाळा २०१०मध्ये सुटली. म्हणजे त्याला सर्वांत लवकर विकत घेता येणार होतं ते एप्रिल २०१३मध्ये. डावा गुडघा २०११मध्ये गेला, उजवा २०१२मध्ये. दोन्ही गुडघे त्या काळात गेले, ज्या काळात त्याला पैसे देणं कोणालाही शक्य नव्हतं. विद्यापीठाला नियमाने मनाई, व्यावसायिक संघांना नियमाने मनाई. बास्केटबॉलमध्ये लेब्रॉन जेम्स २००३ साली शाळेतून थेट एनबीएत गेला. बेसबॉलची पोरं आजही शाळेतून थेट जातात. ज्या खेळात शरीर सर्वांत लवकर मोडतं, त्याच खेळात सर्वांत जास्त थांबायला लावतात.

हा नियम एकाने कोर्टात नेला होता. मॉरिस क्लॅरेट, ओहायो स्टेटचा रनिंग बॅक. विद्यापीठातल्या पहिल्याच वर्षी, जानेवारी २००३मध्ये, मायामीविरुद्धच्या अंतिम सामन्यात विजयी टचडाउन त्याचाच. नंतर विद्यापीठाने त्याला निलंबित केलं, तो एनएफएलमध्ये जायला निघाला आणि दार बंद होतं. फेब्रुवारी २००४मध्ये जिल्हा न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. मे महिन्यात अपील न्यायालयाने तो फिरवला. निकालपत्र लिहिलं सोनिया सोटोमायोर यांनी, ज्या पुढे सर्वोच्च न्यायालयात गेल्या. मुद्दा असा, की ही पात्रता संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या वाटाघाटींचा भाग आहे. ज्या संघटनेत क्लॅरेटला अजून प्रवेशच नव्हता, तिने त्याच्या वतीने त्याचा हक्क सोडून दिला होता, आणि कायद्याला ते चालत होतं! क्लॅरेटही एनएफएलच्या एकाही अधिकृत सामन्यात खेळला नाही.

‘अहो, पण फुकट शिक्षण मिळालं ना?’ हा प्रश्न मला मराठी घरांत हमखास विचारला जातो, आणि तो मनापासून विचारला जातो. आपल्याकडे स्कॉलरशिप म्हणजे देवघरात ठेवायची गोष्ट. पुण्या-नागपूरची मुलं अमेरिकेत शिकायला जातात तेव्हा आईवडील कर्ज काढतात, घर गहाण ठेवतात. त्यांना वाटणारच, की ज्याची फी माफ झाली त्याने तक्रार कसली करावी.

तर ऐका. लॅटिमोर विद्यापीठात आला तेव्हा नियमानुसार ही स्कॉलरशिप एका वर्षाची असे, दरसाल नवी करायची. १९७३पासून तसंच होतं. अनेक वर्षांची स्कॉलरशिप द्यायची मुभा २०१२मध्ये आली. स्कॉलरशिपमध्ये फी, खोली, जेवण आणि पुस्तकं एवढंच बसे. घरी जायचं तिकीट, कपडे धुण्याचे पैसे, एवढासा किरकोळ खर्च जोडायची परवानगी मोठ्या विद्यापीठांना २०१५मध्ये मिळाली. आणि समोर काय होतं? ८०,२५० आसनांचं मैदान. इएसपीएनबरोबरचा साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा २००८ सालचा करार, पंधरा वर्षांसाठी २२५ कोटी डॉलरांचा. अशा उलाढालीत खेळाडूच्या वाट्याला फीमाफी येत असेल, तर ती मजुरी आहे, आणि फार कमी मजुरी आहे.

शिवाय तेव्हा खेळाडूची जर्सी विकायची, पण पाठीवर नाव घालायचं नाही, नुसता क्रमांक. व्हिडिओ गेममध्ये त्याची उंची, वजन, रंग, धावण्याची ढब, सगळं हुबेहूब, नाव तेवढं नाही. ऑगस्ट २०१३मध्ये जे बिलास या माजी बास्केटबॉलपटूने सगळ्यांना दाखवून दिलं, की एनसीएए या नियामक संस्थेच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात खेळाडूचं नाव टाइप केलं की त्याच्याच क्रमांकाची जर्सी पुढे येते. ज्या संस्थेने खेळाडूला स्वतःचं नाव विकायला बंदी घातली होती, तिचं दुकान त्याच नावावर चालत होतं. नंतर त्यांनी ती विक्री थांबवली.

आणि विमा? जायबंदी झालो तर, म्हणून विमा काढायची सोय एनसीएएने १९९०मध्ये काढली. हप्ता खेळाडूचा. हातात पैसे नसतील तर पुढच्या कमाईच्या भरवशावर कर्ज. कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्याला मालकाने सांगावं, की तुझ्या बोटांचा विमा तूच कर्ज काढून उतरव, आणि त्याला कोणी विद्यार्थीहित म्हणावं, तसला हा प्रकार.

हे कारखान्याचं उगाच आणलेलं नाही. भांडण मुळात तिथलंच आहे. १९५५मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस कॉलेजकडून खेळताना रे डेनिसन डोक्याला मार लागून मेला. लष्करात नोकरी करून आलेला माणूस. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, तो कॉलेजचा कर्मचारी नव्हता. पैसे नाहीत. मग केंट वॉल्ड्रेप, हाही रनिंग बॅक, टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा. २६ ऑक्टोबर १९७४ रोजी अलाबामाविरुद्ध खेळताना मानेला इजा झाली आणि त्याला पक्षाघात झाला. १९९३मध्ये टेक्सासच्या भरपाई आयोगाने त्याला कामगार मानून भरपाई दिली. विमा कंपनी कोर्टात गेली. १९९७मध्ये ज्यूरीने त्याच्याविरुद्ध कौल दिला आणि २०००मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. पडला तेव्हा विशीत होता, ‘तू कामगार नव्हतास’ हे अखेरचं ऐकेपर्यंत पंचवीस वर्षं उलटून गेली होती. हे वाचून ज्याचं रक्त तापत नाही त्याच्याशी मला बोलायचं नाही.

लॅटिमोरकडे परत येऊ. एप्रिल २०१३च्या ड्राफ्टमध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने त्याला चौथ्या फेरीत घेतलं, १३१वा. पहिला हंगाम त्याने गुडघा बरा करण्यात घालवला. दुसऱ्या वर्षी सरावाला उतरला. गुडघा ऐकत नव्हता. नोव्हेंबर २०१४मध्ये त्याने निवृत्ती जाहीर केली. वय तेवीस.

त्या ड्राफ्टमध्ये आणखी एक गोष्ट घडली. पहिल्या फेरीत एकाही रनिंग बॅकचं नाव पुकारलं गेलं नाही, १९६३नंतर पहिल्यांदाच. पुढच्या वर्षीही तेच. एनएफएलचे संघ तोवर शहाणे झाले होते. त्यांना कळलं होतं, की हा प्राणी लवकर झिजतो, मग महाग कशाला घ्या? संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११च्या करारानंतर नव्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा, रक्कम जवळपास ठरलेली, आणि पहिली तीन वर्षं वाढवून मागायची सोय नाही. आता बेरीज करा. कॉलेजची तीन वर्षं बिनपगारी. पुढची चार ठरीव दरात. मग हातात घासाघीस करायची ताकद येते तेव्हा रनिंग बॅक पंचविशी-सव्विशीत असतो आणि संघ म्हणतो, याच्यात आता काय उरलंय! २०२३मध्ये सेक्वॉन बार्कली, जॉश जेकब्स आणि टोनी पोलार्ड या तिघांना संघांनी फ्रँचायझी टॅग लावून एका वर्षापुरतं अडकवून ठेवलं. रनिंग बॅकसाठी या टॅगची ठरलेली वर्षाची रक्कम सुमारे १ कोटी १ लाख डॉलर होती, क्वार्टरबॅकसाठी ३ कोटी २४ लाख. रनिंग बॅकपेक्षा कमी फक्त लाथ मारून चेंडू उडवणाऱ्यांना. कोटीचा आकडा ऐकून हुरळू नका. ज्याच्या कमाईची खिडकी तीन-चार वर्षांत बंद होते, त्याला बाजारातला सर्वांत तळाचा भाव, हे त्यातलं सत्य आहे. बार्कली पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाकडे गेला आणि २०२४च्या हंगामात २,००५ यार्ड धावला. ज्यांनी त्याला झिजलेला ठरवलं होतं, त्यांना त्याने दिलेलं हे उत्तर मला अतिशय आवडलं.

आणि ज्याने नियम मोडून पैसे घेतले त्याचं काय झालं? रेजी बुश, सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ. २००५मध्ये त्याने १,७४० यार्ड केले, एका धावेमागे ८.७ची सरासरी. फ्रेस्नो स्टेटविरुद्ध एकाच सामन्यात सगळं धरून ५१३ यार्ड. हाइझमन ट्रॉफी मिळाली. मग कळलं, की एजंट होऊ पाहणाऱ्यांनी त्याच्या कुटुंबाला घर आणि पैसे दिले होते. २०१०मध्ये एनसीएएने विद्यापीठाला शिक्षा केली, जिंकलेले सामने नोंदीतून पुसले, आणि सप्टेंबरमध्ये बुशला ट्रॉफी सोडावी लागली. प्रशिक्षक पीट कॅरोल तोवर सिॲटलच्या एनएफएल संघात नोकरीला लागले होते. बुशच्या धावण्यावर विकली गेलेली तिकिटं मात्र कोणी परत केली नाहीत. ट्रॉफी त्याला परत मिळाली ती एप्रिल २०२४मध्ये. कारण तोवर खेळाडूने पैसे घेणं कायदेशीर झालं होतं. चौदा वर्षं त्या माणसाला फसवा म्हणून हिणवलं. ज्यांनी हिणवलं त्यांनी त्याची उघड माफी मागायला हवी होती. नुसती ट्रॉफी परत करून भागत नाही.

बदललं ते न्यायालयांमुळे. जून २०२१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंनी लढवलेल्या ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध नऊ विरुद्ध शून्य असा निकाल दिला. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर कमाई करता येऊ लागली. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी हाउस या खेळाडूंच्या दुसऱ्या खटल्यातल्या तडजोडीवर शिक्कामोर्तब केलं आणि विद्यापीठं थेट खेळाडूंना पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाकडून एकूण सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंत. बॉइसी स्टेटचा ॲश्टन जेंटी हा नव्या काळातला रनिंग बॅक. २०२४मध्ये चौदा सामन्यांत ३७४ वेळा धावून त्याने २,६०१ यार्ड केले. बॅरी सँडर्सचा १९८८चा २,६२८चा विक्रम, जो अकरा सामन्यांतला आहे, फक्त २७ यार्डांनी वाचला. जेंटी कॉलेजात असतानाच कमावू शकला आणि एप्रिल २०२५मध्ये लास व्हेगस रेडर्सने त्याला सहावा निवडला. त्याच्यासाठी मला मनापासून आनंद आहे. पण त्या ३७४ धावा त्याच्याही गुडघ्यांतून गेल्या आहेत. पैसे आले म्हणून टॅकल हलके झालेले नाहीत.

म्हणून ‘झालं ना आता, देतात ना पैसे’ असं म्हणून जे विषय मिटवू पाहतात, त्यांना माझं सांगणं आहे, विषय मिटलेला नाही. कॉलेजचा फुटबॉलपटू अजूनही विद्यापीठाचा कर्मचारी नाही. २०१४मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या खेळाडूंनी संघटना करायचं ठरवलं, तेव्हा कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानलं होतं. २०१५मध्ये वरच्या मंडळाने हात झटकले. आजही मैदानात मान मोडली तर वॉल्ड्रेपला जे ऐकावं लागलं तेच ऐकावं लागू शकतं. ऑगस्ट २०२४पासून खेळताना झालेल्या दुखापतीवर कॉलेज सुटल्यानंतर दोन वर्षं उपचाराचं संरक्षण मिळू लागलं. दोन वर्षं! एकविसाव्या वर्षी निखळलेला गुडघा माणसाला साठीपर्यंत वापरायचा असतो. आणि तीन वर्षं थांबवणारा एनएफएलचा नियम जागच्या जागी आहे. तो ठेवायचाच असेल, तर त्या तीन वर्षांतल्या दुखापतीचा पूर्ण विमा विद्यापीठाने स्वतःच्या पैशाने उतरवावा आणि जायबंदी झालेल्याला कामगार म्हणून भरपाई द्यावी. एवढं जमत नसेल, तर मुलाला चाळीस वेळा चेंडू देऊ नये.

लॅटिमोर कडवट झाला नाही. कोलंबियातल्या हीथवूड हॉल शाळेत त्याने फुटबॉल शिकवला. २०१८मध्ये विद्यापीठाने त्याला खेळाडूंच्या जडणघडणीचं काम दिलं, ते त्याने दोन वर्षं केलं. हा त्याचा मोठेपणा. तो त्याच्याच नावावर राहू दे, व्यवस्थेने त्याचं श्रेय घेऊ नये.

हाउस तडजोडीत जुन्या खेळाडूंसाठीही थकबाकी ठरली आहे, सुमारे २८० कोटी डॉलर. ती १५ जून २०१६ किंवा त्यानंतर खेळलेल्यांना मिळते. लॅटिमोरचा शेवटचा सामना २७ ऑक्टोबर २०१२चा आहे. त्याला त्यातला एक डॉलरही मिळणार नाही.